गावाकडच्या घराबाहेरचे फ्लडलाइट मोबाइलला जोडायचे आहेत, कोणते स्मार्ट लाइट घ्यावेत?

तुम्ही पुण्यात, आई-वडील दोघंच खानापूर तालुक्यातल्या गावी. फाटकावर एक आणि परसात एक असे साधे एलईडी फ्लडलाइट आहेत. ते काढून स्मार्ट फ्लडलाइट लावावेत का, आणि रात्री कोणी आवारात आलं तर तुम्हाला फोनवर कळेल का, असं तुम्ही विचारलंय.

आहेत ते लाइट काढू नका. लाइट साधाच राहू दे, स्मार्ट करायचा तो स्विच. मी बेळगावात वायरिंगची कामं करतो, खानापूर भागातली घरंही करतो, त्यामुळं हे ठामपणे सांगतो.

स्मार्ट फ्लडलाइटमध्ये वायफायचं सर्किट लाइटच्या पोटातच असतं, आणि तो लाइट बाहेरच्या भिंतीवर. जांभोटी-कणकुंबी पट्ट्यातला पाऊस तुम्हाला मी सांगायला नको, जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंत वाळतच नाही. डब्यावर आयपी ६५ लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत जात नाही. पण महिनोन्‌महिने दमट हवा ग्लँडमधून, म्हणजे केबल आत जाते त्या बुचातून, हळूहळू आत शिरते ती शिरतेच. शिवाय राउटर माजघरात, मध्ये जांभ्या दगडाच्या जाड भिंती. फाटकापर्यंत पोचेस्तोवर वायफायमध्ये जीव राहत नाही.

याउलट काडेपेटीएवढा वायफाय रिले, म्हणजे फोनवरून चालू-बंद होणारा छोटा स्विच, घरातल्या बोर्डात, नेहमीच्या स्विचच्या मागं बसतो. कोरडा राहतो, राउटरच्या जवळ राहतो. उद्या फ्लडलाइट गेला तर नंदगडच्या बाजारात मिळेल तो साधा लाइट आणून लावा, बाकी काही बदलायला नको. आणि मुख्य म्हणजे भिंतीवरचा स्विच पूर्वीसारखाच चालतो. तुमच्या आईला रात्री बाहेर दिवा लावायला मोबाइल शोधायला लागू नये, बाकी सगळं त्यानंतर.

आता बोर्ड. रिलेला चालू राहायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथं न्यूट्रल असतोच. पण जुन्या घरात, विशेषतः लाकडी पट्टीवरचं वायरिंग असेल तर, पडवीतल्या एकट्या स्विचला नुसता फेज आलेला असतो. अशा ठिकाणी ‘न्यूट्रल नको’ म्हणून विकले जाणारे मॉड्यूल घेऊ नका. ते लाइटमधूनच थोडा करंट ओढत राहतात आणि बंद केलेला एलईडी रात्रभर मिणमिणतो. न्यूट्रलची एक वायर ओढून घ्या, पण ती त्याच सर्किटची हवी. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल जोडला की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा मेन बोर्डातला स्विच) पडायला लागते आणि कारण कुणाला सापडत नाही.

एका रिलेवर चार-पाच फ्लडलाइट लादू नका. एलईडीचा ड्रायव्हर (लाइटच्या आतलं वीज पुरवणारं सर्किट) पेटताना क्षणभर कितीतरी पट करंट खेचतो, त्यानं रिलेचे संपर्क चिकटतात आणि लाइट बंदच होत नाही. रिलेवर लिहिलेले १० अँपिअर हे हीटरसारख्या लोडसाठी असतात. तुमच्याकडं दोनच लाइट आहेत, तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र रिले.

लोक चुकतात ते सेन्सरमध्ये. लाइटमध्येच सेन्सर असलेला फ्लडलाइट दुकानदार पुढं करतो. तो रिलेला जोडलात तर फोनवरून ‘चालू’ केल्यावर नुसता सेन्सरला वीज मिळते. लाइट लागायचा की नाही हे सेन्सरच ठरवतो, आणि कोणी आलं हे तुमच्या फोनला कधीच कळत नाही. सेन्सर वेगळाच घ्या. वायरचा पीआयआर (हालचाल ओळखणारा) सेन्सर घेऊन त्याची आउटपुट वायर रिलेच्या स्विच-टर्मिनलला द्या, किंवा बॅटरीवरचा झिगबी (वायफायसारखंच, पण कमी विजेवर चालणारं बिनतारी तंत्र) सेन्सर पडवीच्या छपराखाली लावा. पहिल्या प्रकारात रिलेचं माहितीपत्रक नीट वाचा. काही रिलेंच्या स्विच-टर्मिनलला फेज चालतो, काहींना फक्त कोरडा संपर्क, म्हणजे बाहेरून वीज न देता नुसत्या दोन वायर जुळवणारा, चालतो. दुसऱ्या प्रकारच्या रिलेला फेज दिलात तर तो त्याच क्षणी जातो.

पीआयआर उष्णतेतला बदल टिपतो. माणूस सेन्सरच्या समोरून आडवा गेला की लगेच पकडतो, सरळ सेन्सरकडं चालत आला तर उशिरा. म्हणून फाटकाच्या बरोबर समोर लावू नका, बाजूच्या भिंतीवर लावा, म्हणजे येणारा आडवा जाईल. उंची सात-आठ फूट पुरे, लाइट त्याच्यावर असू दे. न्हाणीचा बंब, उन्हानं तापलेला पत्रा, वाऱ्यानं हलणाऱ्या केळीची पानं समोर नकोत. कुत्रं-मांजर येऊन लाइट लागत असेल तर लेन्सच्या खालच्या भागावर इन्सुलेशन टेपची एक पट्टी चिकटवा, जमिनीलगतचा पट्टा झाकला जातो. सेन्सर लाइटला चिकटून तर मुळीच नको. पांढऱ्या प्रकाशाला किडे येतात, किड्यांना पाली येतात, आणि पाल लेन्सवरून फिरली की मध्यरात्री तुमचा फोन वाजतो. ३००० केल्विनचा पिवळसर लाइट घेतलात तर किडे बरेच कमी होतात. लाइट रात्रभर जळत न ठेवता हालचालीवर दोन-तीन मिनिटंच लागू दे. वळिवानंतर तुमच्या बाजूला काजवे येतात, त्यांच्यासाठीही ते बरं.

सिस्टिम कोणतीही घ्या, पण इंटरनेट नसताना चालणारी घ्या. सेन्सरनं लाइट लावायचा निरोप परदेशातल्या सर्व्हरवर जाऊन परत यायचा आणि मग परसात उजेड पडायचा, हे पावसाळ्यात फायबर तुटल्यावर काय कामाचं? रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट हे घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर चालवलंत तर सगळं घरातल्या घरात होतं. तेवढी खटपट नको असेल तर मॅटरचं (वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांसाठीच्या सामायिक मानकाचं) चिन्ह असलेली उपकरणं घ्या, ती घरातल्या नेटवर्कवरच एकमेकांशी बोलतात. इंटरनेट फक्त तुम्हाला पुण्यात कळवण्यापुरतं लागेल. वेळ सूर्यास्ताला बांधा, घड्याळाला नको. डिसेंबरात आणि जूनमध्ये आपल्याकडं जवळजवळ तासाचा फरक पडतो.

राउटर इन्व्हर्टरवर घ्या, परसातला लाइटही. रिलेच्या सेटिंगमध्ये ‘वीज आल्यावर काय करायचं’ असा पर्याय असतो, तिथं ‘पूर्वीची स्थिती’ निवडा. नाहीतर पहाटे तीनला वीज आली की दोन्ही लाइट भक्कन लागतात. एप्रिल-मेमधल्या विजा लक्षात घेऊन मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारं उपकरण) बसवा. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची हवी आणि फ्लडलाइटच्या धातूच्या अंगाला अर्थिंग हवंच. अर्थिंगची वायर कापून ठेवलेली मला फार ठिकाणी दिसते, याचा मला खरोखर राग येतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण आई-वडील आहेत म्हणून सांगतो. पीआयआरला साप दिसत नाही, त्याचं अंग आसपासच्या जमिनीइतकंच गरम असतं. घरातून न्हाणीपर्यंत आणि गोठ्यापर्यंतची वाट सेन्सरवर सोडू नका. तिथं पाच वॅटचा साधा बल्ब संध्याकाळपासून उजाडेपर्यंत चालू राहू दे, सूर्यास्त-सूर्योदयाच्या वेळेवर लावून. वीजबिलात तो जाणवतही नाही. तुमचं गाव भीमगडच्या जंगलाकडं असेल तर अस्वल-गव्यांसाठीही बाहेर पाऊल टाकण्याआधी परस उजळलेलं बरं. आईच्या खाटेजवळ एक बॅटरीवरचं बटण ठेवा, एकदा दाबलं की दोन्ही फ्लडलाइट लागतील असं.

बाहेरचं केबलचं काम मे संपायच्या आत उरकून घ्या. तीन कोअरची गोल केबल, जंक्शन बॉक्सला खालच्या बाजूनं ग्लँड, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. वापरात नसलेली भोकं बुचांनी बंद करा, कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते आणि मुंग्या टर्मिनलपर्यंत पोचतात. मेन बंद करून, टेस्टर लावून बघून, लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच जोडून घ्या. आणि तो बोर्ड उघडेल तेव्हा वडिलांना शेजारी उभं करा. रिले बिघडला तर तो बाजूला काढून स्विच सरळ लाइटला कसा जोडायचा हे त्याच्याकडून एका कागदावर काढून घेऊन बोर्डाच्या झाकणाच्या आत चिकटवा, म्हणजे तुम्ही नसताना गावातला कोणताही वायरमन ते करू शकेल.