‘वाढणे’साठी इंग्रजीत दर वेळी ‘ग्रो’ चालतं का? ‘माय मदर ग्रू मी’ चूक का आहे?

चूक आहे, कारण ‘ग्रो’ या क्रियापदाचं कर्म पीक, झाड, केस, नखं असं काही असतं. माणूस नाही. ‘वी ग्रो ग्रेप्स’ म्हणजे आम्ही द्राक्षं पिकवतो. मुलं वाढवण्यासाठी ‘ब्रिंग अप’ किंवा ‘रेज’ वापरा: ‘माय मदर ब्रॉट मी अप’. शेळ्या-कोंबड्या पाळण्यालाही ‘रेज’ किंवा ‘कीप’च.

दाढीच्या बाबतीत जरा जपून. ‘ही इज ग्रोइंग अ बिअर्ड’ म्हटलं की तो मुद्दाम दाढी राखतोय असा अर्थ होतो. दोन दिवस दाढी करायची राहिली असेल, तर ‘ही हॅजन्ट शेव्ह्ड’ म्हणावं.

सर्वांत जास्त गोंधळ ‘ग्रो’ आणि ‘ग्रो अप’ यांत होतो. ‘ग्रो अप’ म्हणजे लहानाचं मोठं होणं: ‘आय ग्रू अप इन सांगली’. नुसती उंची वाढली तर ‘अप’ नको: ‘शी हॅज ग्रोन टू इंचेस’. मोठ्या माणसाला ‘ग्रो अप!’ म्हणणं म्हणजे ‘पोरकटपणा सोड’ असं सुनावणं आहे, तेव्हा ते कौतुक समजू नका.

लोकसंख्या, मागणी, अर्थव्यवस्था यांना ‘ग्रो’ चालतं. भाव, ताप आणि नदीचं पाणी यांना ‘राइज’ किंवा ‘गो अप’. वजनाला ‘पुट ऑन’ किंवा ‘गेन’. ‘ग्रो द बिझनेस’ ऑफिसात सर्रास म्हणतात, पण काही चोखंदळ वाचकांना ते खटकतं. निबंधात मी ‘एक्सपांड’ सुचवेन.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. ‘ग्रो’पुढे विशेषण आलं की बहुधा वाढीचा संबंधच उरत नाही, फक्त ‘हळूहळू तसं होत जाणं’ उरतं. म्हणून ‘द साउंड ग्रू फेंटर’ म्हणजे आवाज क्षीण होत गेला! ‘इट ग्रू डार्क’ म्हणजे अंधारून आलं. हा वापर लेखनात शोभतो, बोलताना बहुधा ‘गेट’ येतं. ‘आय ग्रू टू लाइक इट’मध्येही तोच संथपणा आहे: आधी आवडत नव्हतं, मग आवडू लागलं. हेच उलट बाजूनं सांगायचं तर गाणं कर्ता होतं: ‘द साँग ग्रू ऑन मी’. ‘आय ग्रू ऑन द साँग’ असं कधीच होत नाही.

‘ही हॅज ग्रोन आउट ऑफ हिज शूज’ म्हणजे त्याला बूट आखूड झाले.

बी उगवलं तर ‘स्प्राउट’ किंवा ‘कम अप’, आंबा पिकला तर ‘राइपन’, आणि ताटात भात वाढला तर ‘सर्व्ह’. वैद्यकीय रिपोर्टमध्ये ‘ग्रोथ’ हे नाम दिसलं, तर त्याचा अर्थ गाठ असाही असू शकतो, तेव्हा तिथे डॉक्टरांनाच विचारा.