गाडीचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

फोंड्याहून एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: 12 वर्षांची पेट्रोल गाडी पाऊस लागल्यापासून सकाळी सुरू होत नाही. किल्ली फिरवली की नुसता टक-टक-टक आवाज येतो, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात. धक्का दिला की सुरू होते, मग दिवसभर त्रास नाही. बॅटरी पाच वर्षांची आहे. गॅरेजने स्टार्टर, अल्टरनेटर, फ्युएल पंप आणि बॅटरी असा 34,000 चा खर्च काढला. शोरूमची एक्स्चेंज ऑफर चतुर्थीपर्यंत आहे, त्यासाठी 8 लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी काढावं लागेल. वय 47, हातात पगार 62,000, घरखर्च 35,000. घरी आई, पत्नी, दोन मुलं. रोख शिल्लक नाही, कारण 3 लाखांची एफडी संपल्यावर बँकेतल्या अधिकाऱ्याने ती रक्कम एका योजनेत घालायला लावली: ‘एकदाच भरा, 15 वर्षांत 50 लाख.’ कागदपत्रं तीन आठवड्यांपूर्वी आली. त्यांवर वार्षिक प्रीमियम 3 लाख, प्रीमियम भरण्याची मुदत 10, पॉलिसीची मुदत 15 असं लिहिलंय. गाडी दुरुस्त करू की नवी घेऊ?

तुम्ही कागदावरचे आकडे पत्रात उतरवलेत, पण ते वाचले नाहीत. ‘प्रीमियम भरण्याची मुदत 10’ याचा अर्थ दर वर्षी 3 लाख, दहा वर्षं. एकूण 30 लाख. एकदाच भरलेल्या 3 लाखांचे 15 वर्षांत 50 लाख व्हायचे तर दरसाल 20 टक्क्यांहून जास्त परतावा लागतो. विम्याच्या कोणत्याही हमीच्या योजनेत तो मिळत नाही, आणि तसं सांगून विकणं ही सरळ फसवणूक आहे. 30 लाख भरून शेवटी 50 लाख मिळाले, तर परतावा पडतो सुमारे 5 टक्के. पीपीएफ 7.1 देतो.

वर्षाला 3 लाख म्हणजे महिन्याला 25,000. त्यात गाडीचा हप्ता साडेनऊ टक्क्यांनी 13,000 च्या आसपास. 62,000 मधून 38,000 गेले की उरतात 24,000, आणि घरखर्च 35,000 आहे. पुढच्या वर्षी दुसरा प्रीमियम भरता येणार नाही, पॉलिसी बंद पडेल आणि पहिल्या 3 लाखांतला मोठा भाग बुडेल.

यातून सुटायचा रस्ता आज उघडा आहे. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवस फ्री-लूक मुदत असते. तेवढ्यात पॉलिसी परत करता येते. तुमचे 21 गेले. ईमेलवर प्रत आधी आली असेल तर दिवस तिथून मोजतील, म्हणून इनबॉक्स आताच तपासा. अर्ज विमा कंपनीकडे करा, बँकेतल्या अधिकाऱ्याकडे नाही. तो ‘दोन दिवस थांबा, साहेबांशी बोलतो’ म्हणेल आणि उरलेले दिवस तसेच जातील. अर्जात पॉलिसी क्रमांक आणि कारण लिहा: ‘एकदाच भरायचा प्रीमियम असं सांगून विकली, अटी मान्य नाहीत.’ मूळ पॉलिसी, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक जोडा. शाखेत देऊन पोचेचा शिक्का घ्या आणि तोच अर्ज ईमेलनेही पाठवा. विमा कंपनीच्या पडताळणीच्या फोनवर तुम्ही सगळ्याला ‘हो’ म्हटलं असेल, तरी हा हक्क जात नाही. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची रक्कम कापून बाकीचे पैसे परत येतात. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या (IRDAI) ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा.

आता गाडी. धक्का देऊन सुरू होते आणि दिवसभर चालते, म्हणजे पेट्रोल पोचतंय, ठिणगी पडतेय. फ्युएल पंप यादीतून आजच काढा. टक-टक-टक होतं कारण स्टार्टरचा सोलेनॉइड (त्याला वीज जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. म्हणजे बॅटरी कमजोर आहे किंवा वीज वाटेत अडते आहे. आपल्याकडच्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचतोच.

तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवायला हवी. 12 च्या जवळ असेल तर ती जवळपास रिकामी आहे. आधी टर्मिनल साफ करा: काळी वायर आधी सोडायची, मग लाल, खायच्या सोड्याचं कोमट पाणी आणि ब्रश वापरा, कोरडं करा, लाल आधी जोडा, काळी शेवटी, वरून व्हॅसलीन. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी गंजली आहे का तेही बघा. मेस्त्री बहुधा ती बघतच नाहीत. मग चार्ज केलेल्या बॅटरीवर स्टार्टर मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी संपली. गाडी सुरू असताना 13.8 ते 14.5 दिसलं तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा) चांगला आहे, बदलू नका. बॅटरी आणि अर्थ ठीक असूनही एकच ‘टक’ येऊन गाडी गप्प राहिली, तरच स्टार्टर उघडायचा. तेव्हाही नवा नको, आधी कार्बन ब्रश आणि सोलेनॉइड तपासून घ्या. पाच वर्षांच्या बॅटरीकडे बघता माझा अंदाज: जुनी देऊन नवी घ्यायची, खर्च पाच हजारांच्या आसपास.

पैसे परत आले की त्यातले 2 लाख 10 हजार, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, एफडीत ठेवा आणि त्याला हात लावू नका. घरात कमावणारे तुम्ही एकटे दिसता, म्हणून 1 कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. निर्व्यसनी असाल तर वर्षाला वीस-तीस हजार पडतील.

चतुर्थीची ऑफर जाऊ द्या. गाडीच्या आरसीला 15 वर्षं व्हायला अजून तीन आहेत. तोवर महिन्याला 8,000 आरडीत टाकलेत तर सव्वातीन लाखांच्या आसपास जमतील, आणि तेव्हा कर्ज 8 नव्हे, 5 लाखांचं लागेल.