पोट भरते, मग रक्त का भरत नाही?

सीमाभागातील वाचकांनी पाठवलेली आहाराविषयीची पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली असून केवळ तालुका दिला आहे.

प्रश्न (निपाणी तालुका): माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे. तपासणीत तिचे हिमोग्लोबिन ८.४ निघाले. आशाताई म्हणाल्या, आहार कमी पडतो. मला त्याचे फार वाईट वाटले, कारण आमच्या घरी कोणी उपाशी निजत नाही. रेशनचा तांदूळ महिनाभर पुरतो. सकाळी चहा-पाव, दोन्ही वेळा भात, पातळ आमटी आणि कधी बटाट्याची तर कधी वांग्याची भाजी असते. आम्ही दोघी विड्या वळतो. मुलाला काम कधी असते, कधी नसते. पोटभर जेवणाऱ्या बाईला आहार कमी कसा पडेल?

उत्तर: आशाताईंनी तुम्हाला बोल लावला असे समजू नका. त्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि तुमचेही खोटे नाही. भाताने भूक भागते, परंतु रक्त तयार होण्यासाठी लागणारे लोह त्यात फारच थोडे असते. १०० ग्रॅम पांढऱ्या सडलेल्या तांदळात सुमारे ०.६५ मिलिग्रॅम लोह असते. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खाल्ला तरी २.६ मिलिग्रॅमच पदरात पडते, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितलेली गरोदर स्त्रीची रोजची गरज २७ मिलिग्रॅम आहे. रेशनच्या तांदळात वरून मिसळलेल्या लोहाबद्दल पुढील उत्तरात लिहिले आहे. ते धरूनही ही गरज पुरी होत नाही.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना एखाद्या घरातील अन्नाची तंगी आठ प्रश्नांवरून अजमावते. पहिला प्रश्न, अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली का, असा आहे. दुसरा पौष्टिक अन्न घेणे परवडले नाही का, हा आणि तिसरा मोजक्याच प्रकारच्या पदार्थांवर भागवावे लागले का, हा. घरातले अन्न संपले होते का, हे सहाव्या प्रश्नात येते आणि दिवसभर उपाशी राहण्याची गोष्ट अगदी शेवटी. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. पैसा आटला की घरात भात शिजायचा थांबत नाही. आधी दूध कमी होते, मग फळ बंद होते, अंडे आठवड्यावरून महिन्यावर जाते, आणि आमटीत डाळीपेक्षा पाणी वाढते. तुमचे घर उपासमारीपासून दूर आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर बहुधा उभे आहे. मुलाचे काम बंद असलेल्या आठवड्यात बाजारातून काय काय आणायचे राहते, ते एकदा आठवून पाहा.

याच संघटनेचा आणखी एक ठोकताळा घरच्या घरी वापरता येतो. खाद्यपदार्थांचे दहा गट केले आहेत: धान्ये व कंदमुळे, कडधान्ये व डाळी, शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया, दूधदुभते, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, गाजर-पपईसारखी पिवळी-केशरी भाज्या-फळे, इतर भाज्या आणि इतर फळे. बाईच्या पोटात दिवसभरात यांपैकी निदान पाच गट गेले, तर तिला सूक्ष्म पोषकद्रव्ये मिळण्याची शक्यता बरी. आता तुमच्या सुनेचे ताट मोजू. भात, पाव आणि बटाटा मिळून एकच गट. आमटीचा दुसरा, वांगे असेल त्या दिवशी तिसरा. चहातले चमचाभर दूध या हिशेबात धरत नाहीत. त्यातही घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्यावर सून जेवायला बसत असेल, तर भाजीचे भांडे तोवर बहुधा रिकामे झालेले असते.

तुमचे घर यात एकटे नाही. अन्नभाग्य योजनेचा तांदूळ २०१३ पासून कर्नाटकात घरोघरी जाऊ लागला आणि त्याने भुकेचा घोर कितीतरी हलका केला, हे मान्यच करावे लागेल. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ४४.८ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या, तर २०१९-२१ च्या फेरीत हा आकडा ४७.८ टक्के झाला. पाच वर्षांखालील मुलांमध्ये तो ६५.५ टक्के आहे.

आता काय करावे? गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात, ८.४ हा मध्यम प्रकार असून तो केवळ खाण्यापिण्याने वेळेत भरून येणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना भेटून लोहाच्या गोळ्यांचे प्रमाण ठरवून घ्यावे, आणि रक्तक्षयाचे कारण लोहाखेरीज दुसरे काही आहे का हेही तपासून घ्यावे. गोळीने शौचास काळे होते, त्याला घाबरून गोळ्या माळ्यावर टाकू नयेत. गोळी आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. तायी कार्डावर, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींच्या सरकारी कार्डावर, प्रत्येक तपासणीचा आकडा लिहिलेला असतो; कन्नड वाचता येत नसेल तर आशाताईंकडून तो दर वेळी वाचून घ्यावा.

मातृपूर्ण योजनेखाली २०१७ पासून गरोदर व बाळंतिणींना अंगणवाडीत दुपारचे गरम जेवण, दूध आणि अंडे मिळते. सुनेने अंगणवाडीत जाऊन जेवणे अनेक घरांना कमीपणाचे वाटते, असा माझा अनुभव आहे. कृपया तिला पाठवा, आणि तिथे जेवली म्हणून घरचे ताट कमी करू नका. घरी भातासोबत हुलग्यांचे माडगे किंवा उसळ, कारळ्याची चटणी, अंबाडी, माठ किंवा शेपू यांपैकी मिळेल ती भाजी आणि वर लिंबाची फोड, एवढे जरी रोज जमले तरी गट चार-पाच होतात. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने पालेभाजी-कडधान्यांतील लोह अंगी लागायला मदत होते. चालत असेल तर सुकट वापरावी. थोडी असली तरी मोलाची आहे.

प्रश्न (खानापूर तालुका): रेशनच्या तांदळात वेगळेच पांढुरके दाणे असतात. धुताना काही वर तरंगतात. गावात सर्वजण त्याला प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणतात, म्हणून आम्ही सुपात घेऊन ते निवडून टाकतो. हे योग्य आहे का?

उत्तर: निवडून टाकू नये. ज्या दाण्यांसाठी सरकारने खर्च केला, तेवढेच नेमके केरात जातात आणि बाकीचा साधा तांदूळ घरात राहतो. सरकारी योजनांतील तांदूळ मार्च २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने पोषणयुक्त करण्यात आला. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून, ते यंत्रातून दाबून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि साधारण १०० किलो तांदळात असे १ किलो दाणे मिसळतात. घडण वेगळी असल्यामुळे त्यांचा रंग व चकाकी किंचित वेगळी दिसते, आणि काही दाणे पाण्यावर येतात. खात्री करायची असेल तर चार दाणे पाण्यात भिजत ठेवा आणि नंतर बोटांनी चिरडा. त्यांचे पीठ होते, प्लॅस्टिकचे होणार नाही.

मानकानुसार अशा एक किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावे लागते. तांदूळ एकदा-दोनदाच धुवावा, आणि भात वेळून काढत असाल तर पेज ओतून देऊ नये. खानापूरकडे पेज पिण्याची पद्धत आहेच. ती सोडू नका. घरात कोणाला थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर मात्र हा तांदूळ खाण्याविषयी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न (अथणी तालुका): आमच्याकडे पूर्वी शाळू, हरभरा, तूर घरचीच असे. आता सगळे रान उसाखाली आहे. उत्पन्न वाढले, पण घरातल्या बायका-पोरांना सारखा अशक्तपणा. ऊस लावला हे चुकले का?

उत्तर: ऊस लावल्याबद्दल शेतकऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. ज्या पिकाचा दर आणि गिऱ्हाईक ठरलेले, ते तो घेणारच. पण घरात काय बदलले ते पाहू. शाळूच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते, आणि वरच्या उत्तरातला पोषणयुक्त तांदूळ इतके सायास करून साधारण तिथेच पोचतो. शेतात शाळू-हरभरा-तूर असताना धान्य आणि डाळ दोन्ही कणगीत येत. पातीच्या कडेला अंबाडी, बांधावर चवळी, तणात चाकवत-माठ सापडे, आणि त्यासाठी कोणाच्या हातात रोकड लागत नसे. आता ते सगळे विकत आणावे लागते.

विकत आणण्यात एक अडचण आहे, जिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. उसाचे बिल हंगामात येते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ते १४ दिवसांत मिळायला हवे, पण ते लांबते तेव्हा घर उधारीवर चालते. किराणा दुकानदार तांदूळ, साखर, तेल, चहापत्ती खात्यावर लिहून देतो. भाजीवाली आणि अंडीवाला रोख मागतात. त्यामुळे वर्षाकाठी लाखांचे बिल घेणाऱ्या घरातही मधले दोन-तीन महिने ताटात साखर भरपूर आणि पालेभाजी नाही, अशी स्थिती येते. उत्पन्न किती, याबरोबर ते कधी आणि कोणाच्या हातात येते यावरही ताट ठरते. गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २,००० रुपये ज्या घरात बाईच्या हाती राहतात, तिथे निदान त्यातून भाजी-अंडी येऊ शकतात.

तुमच्यासाठी सुचवायचे तर, घरापुरता गुंठाभर शाळू आणि हरभरा ठेवा, लागणीच्या उसात सुरुवातीच्या महिन्यांत मेथी-कोथिंबिरीचे आंतरपीक घ्या, बांधावर दोन शेवगे लावा. शेवग्याचा पाला शेंगेपेक्षा जास्त उपयोगी आहे. अशक्तपणासाठी मात्र आधी रक्त तपासून घ्या. अंदाजाने टॉनिकच्या बाटल्या आणू नका.

प्रश्न (बेळगाव शहर): आम्ही पूर्ण शाकाहारी. मुलीच्या हातापायांना मुंग्या येतात, हिमोग्लोबिन ठीक आहे. भाजीपाला वाढवू का?

उत्तर: भाजीपाल्याने हे भरून येणार नाही. लक्षणे बी-१२ च्या कमतरतेची असू शकतात, आणि ते वनस्पतींमधून मिळत नाही. शाकाहारी माणसाला त्याचा आधार दूध-दह्याचा. हिमोग्लोबिन ठीक असूनही ही कमतरता नसांना इजा करू शकते. म्हणून बी-१२ ची रक्ततपासणी लवकर करून घ्या, आणि तोवर स्वतःच्या मनाने नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देऊ नका, कारण त्याने रक्ताचे चित्र सुधारते आणि नसांचे दुखणे झाकून जाते.

प्रश्न (बेळगाव तालुका, पश्चिम भाग): आमच्याकडे रताळी भरपूर पिकतात. लहान मुलांना दिली तर डोळ्यांसाठीचे अ जीवनसत्त्व मिळेल ना?

उत्तर: रताळे कापून पाहा. सालीचा लाल रंग पाहून काही ठरत नाही, गर पाहावा लागतो. तो पांढरा किंवा मळकट पिवळा असेल तर रताळ्यातून पिष्ट भरपूर मिळेल, अ जीवनसत्त्व नाममात्र. गर केशरी असेल तरच त्यात बीटा-कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते ते द्रव्य, चांगले असते. पांढऱ्या गराची रताळी मुलांना अवश्य द्या, पण त्यांच्या जोडीला पपई, लाल भोपळा किंवा पालेभाजी थोड्या तेलात परतून द्या, कारण स्निग्ध पदार्थाशिवाय हे जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. याशिवाय अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतो; मधला एखादा राहिला असल्यास मुलाचे कार्ड घेऊन आरोग्य उपकेंद्रात जा.