रुळाच्या गँगमध्ये येण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बर्मिंगहॅमला शिकतोयस, शनिवार-रविवार मोकळे असतात, आणि वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेवर स्वयंसेवक म्हणून यायचंय, हे वाचून बरं वाटलं. इंजिनावर घेतील का, असं विचारलंयस. घेतील, पण लगेच नाही. आधी इंजिन पुसायचं, मग कोळसा मारायचा, आणि ड्रायव्हर व्हायला वर्षं लागतात. त्या रांगेत माणसं भरपूर असतात. रुळाच्या गँगला मात्र नेहमीच माणसं कमी पडतात. तू आधी तिकडे ये. हात कमी आहेत म्हणून तर म्हणतोच, पण तिथे नजर तयार होते, म्हणूनही.

नजर म्हणजे काय ते या लाइनच्या इतिहासातूनच सांगतो. डोंगरातल्या ब्रिन एग्लुइस खाणीतली स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, टाऊइन गावाला आणायला १८६५ मध्ये ही लाइन बांधली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, २ फूट ३ इंच, म्हणजे ६८६ मिलिमीटर. आपल्या माथेरानच्या दोन फुटांपेक्षा जरा रुंद. पुढच्या वर्षी सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर तपासणीला आले, तेव्हा पुलांखाली डब्याच्या बाजूला दोन फूटही मोकळी जागा उरत नाही असं त्यांच्या लक्षात आलं. कोणी दार उघडून डोकं बाहेर काढलं तर कपाळमोक्षच. पूल पाडून नवे बांधायला कंपनीकडे पैसे कुठले? डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद केली आणि पुलांखाली रूळ मध्यापासून एका बाजूला सरकवले, म्हणजे दारांच्या बाजूला पुरेशी जागा सुटली. आजही प्रवासी एकाच बाजूने चढतात-उतरतात.

आता कल्पना कर, तुझ्यासारखा हुशार, टापटिपीचा मुलगा पहिल्याच दिवशी पुलाखाली उभा राहतो. त्याला रूळ एका अंगाला गेलेले दिसतात आणि त्याला वाटतं, सरकलेत, पहार लावून मध्यावर आणू या. तसं केलं तर त्याने दीडशे वर्षांपूर्वी मिटलेला धोका परत आणून ठेवला! जुन्या लाइनवर वाकडं दिसलेलं सगळं बिघडलेलंच असतं असं नाही. पण सगळं मुद्दाम केलेलंही नसतं. दोन्ही ओळखायला कारण शोधावं लागतं, आणि ते जॅक हातात घेण्याआधी.

दुसरी गोष्ट तर याहून मजेची आहे. डिसेंबर १९४६ मध्ये खाण ढासळली आणि बंद पडली. मालक सर हेडन जोन्स १९५० मध्ये वारले. त्याच ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला लेखक एल. टी. सी. रोल्ट आणि मंडळींनी सभा घेऊन संस्था काढली, आणि १९५१ च्या मे महिन्यात स्वयंसेवकांनी गाडी चालवली. हौशी लोकांनी वाचवलेली जगातली ही पहिली रेल्वे. तेव्हा चालू अवस्थेत एकच इंजिन होतं, ‘डोलगोख’. शेजारची कॉरिस रेल्वे १९४८ मध्ये बंद झाली होती, तिचं गेज हेच. तिथली दोन इंजिनं प्रत्येकी २५ पौंडांना घेतली. पण त्यातलं तीन नंबरचं इंजिन रुळावर ठरेना, घसरायचं. मोजून पाहिलं तर टॅलिलिनचे रूळ ठरल्या गेजपेक्षा सुमारे अर्धा इंच रुंद निघाले! गवतात बुडालेली, दुर्लक्षित लाइन, तेव्हा गेज सुटलं असेल असं कोणालाही वाटलं असतं. खरं म्हणजे जुन्या कंपनीने ते मुद्दाम रुंद ठेवलं होतं. ‘डोलगोख’च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त, त्याला वळणावर सैल गेज हवं. कॉरिसच्या इंजिनांच्या चाकांची धाव मात्र अरुंद, त्यामुळे ती रुळांच्या मधे पडायला बघायची. शेवटी लाइन बरोबर गेजला परत टाकली आणि ‘डोलगोख’च्या चाकांत वळणं घेता येतील असा बदल केला. म्हणजे रूळ एकटा दुरुस्त करता आला नाही, इंजिनही बदलावं लागलं. हे मला फार आवडतं.

आता रोजचं काम. सकाळी गँग चालत निघते आणि बहुतेक वेळा दोन रुळांच्या खचलेल्या जोडापाशी थांबते. गुडघे टेकून, गाल रुळाजवळ नेऊन, एक डोळा मिटून लांबवर बघ. उभ्याने जे सपाट दिसतं त्यातला खड्डा तसा दिसतो. मग गेज आणि दोन्ही रुळांची पातळी मोजायची, जॅकने उचलायचं आणि स्लीपरखाली, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांखाली, खडी ठासायची. जोडाबरोबर शेजारचे स्लीपरही बघ, पोकळी त्यांच्याखालीही असते. नवीन माणूस हमखास जास्त उचलतो, मग पुढचा चांगला जोड खड्ड्यात गेल्यासारखा दिसतो आणि दुपारभर खड्ड्यांचा पाठलाग चालतो.

पण तोच जोड पुढच्या हिवाळ्यात परत खचला तर खडी ओतत बसू नकोस. खडीतून राखाडी चिखल वर आलाय का ते बघ. आला असेल तर खाली पाणी साठलंय, आणि दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच. वरच्या अंगाला कुठेतरी पालापाचोळ्याने चर तुंबलेला असतो. कसाऱ्याच्या घाटात माझे वडील कीमॅन होते, म्हणजे रोज चालत रूळ तपासणारे. सदतीस फुटांत एक फूट असा तो चढ. पावसाळ्यात ते रुळाइतकेच डोंगराकडे बघत चालायचे. जुलै २००५ च्या पावसात माथेरानची लाइन वाहून गेली, आणि गाडी परत धावायला २००७ उजाडलं. वेल्समध्ये असा धो-धो पाऊस नाही, पण पिरपिर थांबत नाही, त्यामुळे चर साफ करणं हे इथलं निम्मं काम आहे. फोटोत ते कधीच येत नाही.

जोडांमधल्या फटी बघून हे सैल पडलंय असं म्हणू नकोस. नऊ मीटरचा रूळ ४० अंशांच्या फरकाने चार मिलिमीटर वाढतो, त्याला जागा हवी. फिशप्लेटला, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीला, तेल-ग्रीस देतात तेही रूळ सरकायला मोकळा राहावा म्हणून. बोल्ट जोर आहे तेवढा लावून आवळणारे तरुण मी बरेच पाहिलेत.

रुळावर पाय देऊन उभं राहायचं नाही, ओला रूळ साबणासारखा असतो. पहारीवर भार टाकताना ती निसटली तर आपण कुठे पडू हे आधी बघायचं. गाड्या चालू असतील त्या दिवशी लक्ष ठेवणाऱ्याने शिट्टी वाजवली की हातातलं काम तसंच टाकून बाजूला व्हायचं, एवढं ठासून झाल्यावर असं म्हणायचं नाही. मोठी कामं बहुधा थंडीत निघतात, तेव्हा गाड्या बंद असतात आणि हवा वाईट असते.

गँगमध्ये निवृत्त शिक्षक भेटतील, वकील भेटतील, आयुष्यभर लॉरी चालवलेला माणूसही भेटेल. त्यांना सर म्हणू नकोस, अवघडतात. नावाने हाक मार, आणि चहा करायची पाळी चुकवू नकोस. प्रश्न विचारायला अजिबात लाजू नकोस. हे असं का आहे, हा प्रश्न त्यांना आवडतो, कधीकधी एकाच प्रश्नाची तीन उत्तरं मिळतात आणि वाद अर्धा तास चालतो. मुकादम सांगेल ते मात्र वादाआधी करायचं.

पोलादी टोक असलेले बूट स्वतःचे आण, उसने पायाला लागतात. हातमोजे आणि नारिंगी जाकीट मिळेल. बर्मिंगहॅमहून येणारी गाडी मखन्थ्लेथला दोन भागांत तुटते, तेव्हा बसतानाच गार्डला विचारून टाऊइनच्या डब्यात बस. नाहीतर ॲबरिस्टविथला उतरशील आणि मला फोन करशील. कुठल्या शनिवारी येतोस ते कळव.

तुझा,
काका