बोटीच्या नावावर लिहू नकोस

चि. बाळा, अनेक आशीर्वाद.

बाबा जुनी लाकडी बोट विकायला निघालेत, गिऱ्हाईक ती बघायला आलं आणि नेमकं त्याच दिवशी इंजिन चालू होईना. 'काका, तिला जायचंच नाहीये', असं तू लिहिलंस, आणि खाली विचारलंस, मला वेड लागलंय का?

नाही लागलेलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, बोट किनाऱ्यावर झापांखाली. टाकीत पाणी साचतं, डिझेलच्या पाइपात हवा धरते. हे हर्णै बंदरावरचं शेंबडं पोरही सांगेल. इंजिनिअरिंगला असून तुला ते सुचलं नाही, त्यालाही कारण आहे. अॅडम वेट्झ, निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिलं की ज्यांचा कॉम्प्युटर सारखा बिघडतो, त्यांनाच तो मन असल्यासारखा जास्त वाटतो. गुमान चालणाऱ्या यंत्राला कोणी मन देत नाही. अडून बसलं की देतो.

त्यात बोट तर आपसूक हलते. १९४४ साली हायडर आणि सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे सरकतंय अशी छोटी फिल्म दाखवली. ती बघणाऱ्या ३४ जणींतल्या एकीनेच ती निव्वळ आकारांच्या भाषेत सांगितली. बाकीच्यांना त्यात भांडण, पाठलाग, दांडगाई असलं काहीबाही दिसलं. मग नांगरावर रात्रभर डोलणाऱ्या बोटीत तुला जीव दिसला, तर नवल काय?

तेव्हा जीव दिसू दे. माझं म्हणणं एवढंच, की भावना ज्याची आहे त्याच्या नावावर लिही. तीन पानी पत्रात बोटीला काय वाटतं, जेटीला काय वाटेल, जुनी जाळी कशी रुसलीत, सगळं आहे. बाबांना काय वाटतंय? एक ओळ नाही. खलाशी परमुलखातले, तू हॉस्टेलला, घरात बोलायला कोण? एकटी पडलेली माणसं वस्तूंत मन जास्त बघतात, हेही अभ्यासून झालंय. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, हात ठेवून बाबा पुटपुटतात ते तू ऐकलंस आणि बोटीच्या खात्यावर टाकून मोकळा झालास. सोपं आहे ते. बोटीला उलट विचारता येत नाही.

नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ देतो. समुद्राला राग येतो की नाही, यावर कोळीवाड्यात कोणी वाद घालत बसत नाही. पण भीती आपली आहे, ती सगळ्यांदेखत कबूल करून मगच होडी लोटायची. मला ते पटतं. कारण तिथे भावना ज्याची, त्याच्याच नावावर असते.

आता तू म्हणशील, काका बोलणारच, त्यांनी स्वतःची बोट फोडून विकली. विकली. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने तिची एक बाजू उघडी केली होती. डागडुजीला पैसा होता, पण सागाची तसली फळी आणि ती बसवणारा सुतार, दोन्ही मिळायला हवं ना! तुझ्या काकूने नाळेला हळदकुंकू लावलं, मी कुऱ्हाड घेतली. वाडीत अजून म्हणतात, हा माणूस दगड आहे. भावाने एक फळी देव्हाऱ्यामागे ठेवलीय आणि गणपतीत येणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याला दाखवतो. मी खिळाही ठेवला नाही. मला रडायचं होतं ते मी काकूसमोर रडलो, फळीसमोर नाही. पुन्हा वेळ आली तरी हेच करीन, कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

तुझ्या बाबांना फायबरची बोट परवडते, कारण तिला दरवर्षी फटींत कापूस ठोकावा लागत नाही. त्यांचा हिशेब चोख आहे, त्यात लुडबूड करू नकोस. शनिवारी ये. ते जाळं शिवत बसतील, शेजारी बस, सुई दे. विषय बोटीचा काढू नकोस, त्यांचा काढ. 'तुम्हाला कसं वाटतंय' असलं पुस्तकी विचारू नकोस, चिडतील. पहिल्यांदा तांडेल म्हणून, बोटीचे म्होरके म्हणून, कधी गेलात, एवढं विचार आणि गप्प राहा.

आणि त्याआधी पाइपातली हवा काढ. गिऱ्हाईक रविवारी परत येतंय.

तुझा,
काका