पहिले कसरती विमान निवडताना
कसरतींसाठी पहिले विमान म्हणून एक्स्ट्रा ३३०एससी बरे की एज ५४०, असे तुम्ही विचारता. पण हे दोन वेगळ्या खेळांचे प्रश्न आहेत. कसरतींच्या स्पर्धेत १००० मीटरच्या अदृश्य चौकोनी पेटीत आकृत्या काढायच्या असतात आणि जमिनीवरचे परीक्षक प्रत्येक रेषेचा कोन पाहून गुण कापतात, म्हणून रोल (विमानाने स्वतःच्या लांबीच्या अक्षाभोवती फिरणे) हव्या त्या अंशावर थांबवू देणारे, ३१५ अश्वशक्तीचे एकआसनी एक्स्ट्रा तेथे शोभते. रेड बुल एअर रेस या २०१९ मध्ये बंद झालेल्या विमान शर्यतीत मात्र २०१४ पासून सर्वांना सारखेच इंजिन आणि सारखाच प्रोपेलर सक्तीचा झाल्याने लढत मुख्यतः हवेचा अवरोध कमी करण्याची उरली. एज ५४० हे या शर्यतीतले विमान: ब्रिटिश वैमानिक पॉल बॉनम यांची तेथील २००९, २०१० आणि २०१५ ची तिन्ही विजेतेपदे एजवरची आहेत.

तरीही सेकंदाला ४०० अंशांच्या आसपास फिरणारे यंत्र नवशिक्याने घ्यावे, हे मला पटत नाही. नियंत्रणाची दांडी बाजूला किंचित जास्त ढकलली, की चूक कळेपर्यंत क्षितिज उलटे झालेले असते. दोन आसनी, द्विपंखी पिट्स एस-२सी आधी प्रशिक्षकासह उडवा. उतरताना त्याच्या नाकाआड धावपट्टी जवळजवळ नाहीशी होते, तेव्हा नजर कडांवर ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागेल.