तिच्या वहीतला आलेख

‘पत्नी तीन वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली. तेव्हाच ठरवलं, मुलीला कॅन्सर सर्जन करायचं, रोबोटिकवाली. लातूरला दोनदा रिपीट केलं, नीटचा स्कोअर ३८५ च्या वर जात नाही. गणित चांगलं आहे, पण मन लावत नाही. आई आजारी असतानाही तिच्या रक्ताच्या रिपोर्टचे आकडे वहीत उतरवून आलेख काढत बसायची. आता म्हणते, स्टॅटिस्टिक्स घेऊन कॅन्सरवर संशोधन करीन. डॉक्टर न होता कसलं संशोधन? तिला समजवा.’
– एक वडील, कळंब (जि. धाराशिव)

दादा, पत्नीचं वाचून फार वाईट वाटलं. पण समजवायचं तर मला आधी तुम्हालाच समजवावं लागेल.

‘ठरवलं’ असं लिहिलंत. कुणी ठरवलं? आई नुकतीच गेलेली, पोर अकरावीतली, आणि तुमच्या दुःखाचा भार तिच्या मार्कांवर पडला. आई तिचीही गेलीय, दादा. टेस्टमध्ये कमी पडले की आपण आईला कमी पडलो, असं त्या लेकराला वाटत असेल. दोन वर्षं हे ओझं वाहणाऱ्या मुलीला ‘मन लावत नाही’ म्हणू नका. तिसरा रिपीट मुळीच नको.

सर्जनचा रस्ता तुम्हाला पाठ असेल: एमबीबीएस, मग स्त्रीरोगात एमएस, मग एमसीएच ही त्यापुढची खास सर्जरीची पदवी. ज्याला मनापासून जायचंय त्यानं जावं.

आता ‘डॉक्टर न होता कसलं संशोधन’ याबद्दल. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुर्बिणीतून किंवा रोबोटने करायची पद्धत जगभर रुळली होती. छेद लहान, रक्तस्राव कमी, पेशंट लवकर घरी. २०१८ मध्ये ६३१ बायकांवरच्या चाचणीचा निकाल आला. साडेचार वर्षांनी पोट उघडून ऑपरेशन झालेल्यांपैकी ९६.५ टक्के आजारमुक्त होत्या, दुर्बीण-रोबोटवाल्यांपैकी ८६ टक्के. उघड्या ऑपरेशनकडे परत वळावं लागलं. हा फरक एकट्या सर्जनला आपल्या थिएटरमध्ये उभं राहून दिसत नाही. त्यासाठी किती बायका लागतील, कुणाला कोणतं ऑपरेशन हे चिठ्ठी टाकल्यासारखं कसं ठरवायचं, काय मोजायचं, हे आधी बसून आखावं लागतं. ते काम संख्याशास्त्रज्ञाचं. २०२४ मध्ये ७०० बायकांच्या चाचणीने दाखवलं, की गाठ लहान आणि धोका कमी असेल तर गर्भाशय काढण्याचं साधं ऑपरेशनही, आजूबाजूचा भागही काढणाऱ्या मोठ्या ऑपरेशनइतकंच पुरतं, आणि लघवीचा त्रास कमी होतो. तेही मोजूनच कळलं.

लांब कशाला, तुमच्याच जिल्ह्यात बघा. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबादमधल्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा त्यात होतं. गावांचे ५२ गट पाडले, काही गटांत एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी, काहींत दुसऱ्या तपासण्या, काहींत नेहमीचेच उपचार. २००९ साली निकाल छापून आला: आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी मिळालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. गावोगाव फिरून नोंदी ठेवणारी आणि त्या नोंदींचा अर्थ लावणारी माणसं नसती, तर हे जगाला कळलं नसतं.

आणि तुमची मुलगी काय करत होती? केमो-रेडिएशन चालू असताना दर आठवड्याला रक्त तपासतात. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, तारखा, चढउतार. हे सगळं तिनं न सांगता मांडलं. अशी मुलं माझ्याकडे फार थोडी येतात. तिला पुण्यात बीएस्सी स्टॅटिस्टिक्सला घाला, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षाही देऊ द्या. पुढे मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्सची एमएस्सी आहे.

घरात बहीण, वहिनी तिशीच्या पुढच्या असतील तर त्यांची एचपीव्ही तपासणी या महिन्यातच करून घ्या. आणि मुलीला माझ्याकडे पाठवाल तेव्हा पहिला तासभर तिच्याशी एकटीशीच बोलेन. ती वही रद्दीत घातली नसेल, तर सोबत द्या.